मुक्या ट्रकचा हात

सावरघाटात त्या वर्षी अपघात वाढले. आणि वाढले कधी? तर घाटातले निम्मे ट्रक बिनड्रायव्हरचे झाल्यावर. आता बोला. जे ट्रक दारू पीत नाहीत, डुलकी काढत नाहीत, मोबाइलवर बायकोशी भांडत नाहीत, भज्यांचा वास आला म्हणून करकचून ब्रेक मारत नाहीत, ते रस्त्यावर आले आणि रस्ता आणखी वाईट झाला.

घाट कसा, तर खाली कोकणातलं बंदर, वर कोल्हापूर, आणि मध्ये डोंगराला गुंडाळलेला रस्ता. एक लेन जाणारी, एक येणारी, बास. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. त्या बिनड्रायव्हरच्या ट्रकांना घाटातले लोक 'मुके' म्हणायचे. केबिनमध्ये कुणी नाही, गाणी नाहीत, शिवी नाही, हॉर्न अगदी औषधापुरता. मुका आला, मुका गेला.

बरं, मुक्यांना दोष द्यावा तर देणार कसा? प्रत्येक अपघात त्यांच्याच कॅमेऱ्यात टिपलेला. मुका आपल्या लेनमध्ये, आपल्या वेगात, शहाण्या बाळासारखा. मागनं एखादा माणूस नको तिथं ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढतो आणि समोरच्याला जाऊन भिडतो. दर वेळी माणूसच. मग सरकारी समितीनं सरळ ठरवलं, चूक माणसाची आहे ना, मग माणूसच काढा. येत्या दिवाळीपासून सावरघाटात माणसानं चालवलेल्या मालवाहू गाड्या बंद. फक्त मुके.

ह्या निर्णयाला लागणारा सगळा पुरावा जिनं मोजून दिला, ती कस्तुरी मोहिते. अपघात-संशोधन केंद्रातली सगळ्यात तरुण पोरगी. डावखुरी, त्यामुळं घड्याळ उजव्या हातात. आणि तिचा सख्खा भाऊ धैर्यशील ह्याच घाटातनं रोज बंदरावरची मासळी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणायचा.

आता घरात काय वातावरण असेल बघा.

"आई," धैर्यशील ताटावर बसून म्हणायचा, "तुझ्या लेकीला इचार, भाकरी माणसानं थापलेली चालती का तिला, का तिथंबी मशीनच पायजे."

"आई, त्याला सांग," समोरच बसलेली कस्तुरी म्हणायची, "बंदी मी घातली नाही. मी फक्त मोजलं."

"मोजून दिलं म्हणूनच घातली की म्हणावं."

"मी काय पोस्टमन हाय व्हय रे?" आई तवा आपटायची. "हाताच्या अंतरावर बसलाय. तोंडं हायत न्हवं, बोला की एकमेकांशी."

पण ते काही बोलायचे नाहीत.

कस्तुरी मोजायची ते काय, तर 'हुश्श'. खरंच, केंद्रात त्याला हेच नाव होतं. कसं आहे, अपघाताचा अभ्यास करायचा तर एक मोठी अडचण असते. शिकायला आधी माणसं मरावी लागतात. आणि तरीही आकडे इतके थोडे की त्यातनं धड काही कळत नाही. पण एका अपघातामागं असे शेकडो प्रसंग असतात की ज्यात धडक होता होता राहते आणि आपण 'हुश्श' म्हणून पुढं जातो. ते कुणी पोलिसांना कळवत नाही. पण ते मोजता येतात. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर घ्या, त्या ज्या वेगानं एकमेकींच्या अंगावर येतायत त्यानं भागा, उरतील ते धडकेपर्यंतचे सेकंद. ते दीडच्या खाली गेले की झाला एक हुश्श. सावरघाटाच्या प्रत्येक वळणावर केंद्राचे खांब होते, खांबांवर कॅमेरा आणि रडार, आणि ते दिवसभर हुश्श वेचत बसायचे. जिथं हुश्श दाटी करतात, तिथं उद्या रक्त सांडणार हे आधीच कळायचं.

आणि कस्तुरीचे हुश्श सगळे मुक्यांच्या आसपास दाटले होते.

समिती म्हणाली, माणसं उतावीळ, मुके सावकाश चालतात, म्हणून मागचे कंटाळून घुसतात. पटण्यासारखं होतं. पण कस्तुरीच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. तिनं तपासलं, तर साध्या ड्रायव्हरवाल्या ट्रकमागं लोक तेवढाच वेळ थांबत होते. उलट कधी जास्तच. तोच रस्ता, तेच लोक, तोच कंटाळा. माणसाच्या ट्रकमागं सुखरूप, मुक्याच्या मागं हुश्श. म्हणजे ओव्हरटेक करायच्या आधीच्या त्या क्षणात काहीतरी वेगळं होत होतं. आणि ते खांबावरनं दिसणार नव्हतं. ते ड्रायव्हरच्या डोळ्यांतनंच बघायला लागणार होतं.

त्यासाठी केंद्रात एक चष्मा होता. साधा दिसायचा, पण त्याच्या काड्यांत बारीक दिवे, न दिसणाऱ्या उजेडाचे. तो उजेड बुबुळावर पडून परत यायचा आणि चष्म्याला कळायचं, नजर नेमकी कुठं आहे. आपल्याला वाटतं आपण रस्ता सलग बघतो. छे. डोळा एका सेकंदात तीन-चार उड्या मारतो, आणि त्यातल्या निम्म्या आपल्याला स्वतःलाही माहीत नसतात.

चष्मा होता, पण घालणार कोण? घाटातले ड्रायव्हर 'बंदीवाली बाई' आली की टपरीवरनं उठून जायचे. राहिला एकच.

"दादा," शेवटी ती डायरेक्ट त्याच्याशी बोलली. आई फोडणी तशीच सोडून बघायला लागली. "एक फेरी मला टेम्पोत घे. हा चष्मा घाल. नंतर काय शिव्या घालायच्या त्या घाल."

धैर्यशीलनं चष्मा उलटासुलटा करून बघितला. "हिरो दिसीन का?"

"नाही."

"मग घालतो. पण नाक धरायचं न्हाई. मासळी हाय, अत्तर न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरनं निघाले. मागं बर्फात सुरमई आणि बांगडे, पुढं हे दोघं. धैर्यशीलचा उजवा हात कायम खिडकीबाहेर, त्यामुळं तो डाव्यापेक्षा दुप्पट काळा. मनगटात स्टीलचं जाडजूड कडं. गाडी खड्ड्यात गेली की ते दारावर आपटायचं. टण्ण. कस्तुरीला लहानपणापासनं त्या आवाजावरनं कळायचं की दादा गल्लीत आला.

घाट सुरू झाला तसा पुढं एक जुनाट ट्रक लागला, माणसाचा. धैर्यशील मागं मागं राहिला. मग ट्रकच्या उजव्या खिडकीतनं एक हात बाहेर आला, पंजा खाली दाबल्यासारखा. थांब. समोरनं एसटी गेली. परत तोच हात आला, ह्या वेळी मागनं पुढं हवेला ढकलल्यासारखा. ये. धैर्यशील पुढं गेला, जाता जाता हात वर केला, कडं वाजलं, ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. सगळं इतकं सहज, जशी दोन माणसं दारातनं आत-बाहेर होतात.

मग पुढं मुका लागला.

धैर्यशील पुन्हा मागं मागं राहिला. कस्तुरी त्याच्याकडं बघत होती. तो काही बोलत नव्हता, फक्त थोडा पुढं वाकला होता. तेवढ्यात मुक्याचा उजवा दिवा लुकलुकला, आणि धैर्यशीलनं टेम्पो बाहेर काढला.

वळणातनं एसटी आली. केवढी, तर अख्खी काच भरून. मुका त्याच क्षणी उजवीकडं सरकला, कारण डाव्या कडेला दरडीचा दगड पडला होता आणि तो दगड चुकवायचा म्हणूनच त्यानं दिवा दिला होता. म्हणजे पुढं एसटी, डावीकडं मुका, उजवीकडं दरी. धैर्यशीलनं ब्रेकवर उभं राहून टेम्पो जो मागं खेचला, तो मुक्याच्या पाठीला चाटून आपल्या लेनमध्ये शिरला. एसटी गेली. तिचा हॉर्न बराच वेळ दरीत घुमत राहिला. मागं बर्फाच्या लाद्या धडाधड घसरल्या.

कुणी हुश्श म्हणालं नाही. 

"का गेलास?" कस्तुरीनं विचारलं.

"त्यानं साइड दिली की."

"कुणी?"

"अगं त्यानं..." धैर्यशीलनं मुक्याकडं हात केला आणि तो हात तसाच राहिला. पुढं रिकामी केबिन हलत चालली होती. "त्यानं न्हवं... म्हंजे... दिवा दिला न्हवं त्यानं?"

"दिवा वळायला दिला होता, दादा."

"मग वळायचं म्हनून कोण देतंय दिवा हितं?" तो भडकला. भीती वाटली की तो भडकायचाच. "उतर खाली. तुझं सगळं मोजून झालं असलं तर उतर."

ती उतरली नाही, आणि त्यानंही तिला थेट कोल्हापुरातच उतरवलं.

केंद्रात पोचल्या पोचल्या तिनं चष्मा निहालच्या टेबलावर ठेवला. निहाल मुजावर, यंत्रमानव बनवणारा, तिचा कामातला जोडीदार आणि केंद्रातला सगळ्यात जास्त खाणारा माणूस. त्यानं नजरेचे ठिपके चष्म्यानंच टिपलेल्या रस्त्याच्या चित्रावर चढवले. जिथं डोळा जास्त वेळा गेला, तिथं लाल.

रस्त्यावर लाल असेल असं दोघांना वाटलं होतं. समोरनं येणाऱ्या गाड्यांवर, वळणावर. होतंही, थोडं थोडं. पण सगळ्यात मोठा, रसरशीत लाल डाग होता तो मुक्याच्या उजव्या खिडकीवर. रिकाम्या खिडकीवर. डोळा तिथं जायचा, परत यायचा, पुन्हा तिथंच जायचा.

"काय बघतोय हा तिथं?" निहाल वडा खाता खाता थांबला. "काहीच नाही तिथं."

कस्तुरीनं त्या लाल डागावर बोट ठेवलं. "हात," ती म्हणाली. "निहाल, तो हात शोधतोय."

मग तिला बसवेना. ती खोलीभर फिरत बोलत सुटली. बघ, पुढच्या ट्रकवाल्याला रस्ता दिसतो, मागच्याला दिसत नाही. मग पुढचा हात दाखवतो. वर्षानुवर्षं. कुठल्या पुस्तकात नाही, लायसनच्या परीक्षेत नाही. हात दाखवायचा कंटाळा आला की ट्रकवाला उजवा दिवा दोनदा मारतो, त्याचाही अर्थ तोच, ये. अख्खा घाट एकमेकांच्या डोळ्यांनी गाडी चालवतो. आणि आपण त्यातले निम्मे डोळे काढून घेतले. मुका कायद्यानं दिवा देतो, की मी उजवीकडं सरकतोय. मागच्याला ऐकू येतं, ये बाबा. तो जातो. मरतो. आणि आपण म्हणतो, चूक माणसाची.

"पण मग तुझा भाऊ हे आधीच का नाही बोलला?"

"कारण त्याला माहीतच नाही. तू जिना उतरताना पायऱ्या मोजतोस का?"

एका माणसाच्या नजरेवर समिती विश्वास ठेवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणखी ड्रायव्हर पाहिजे होते, आणि ते मिळण्यासारखे नव्हते. पण गंमत बघा. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकासमोर टेम्पो, पिकअप, टँकर अशी रांगच लागली. वॉचमन घाबरून आत आला, म्हणाला, मोर्चा आलाय बहुतेक. कस्तुरी बाहेर गेली तर पहिला टँकरवाला म्हणाला, "त्यो हिरोचा चष्मा हितंच मिळतोय न्हवं? धैर्यशीलनं सांगितलंय."

"दादा कुठं आहे?"

"तो न्हाई आला. म्हनला, मी तिच्याशी बोलत न्हाई."

सगळ्यांच्या चित्रावर लाल डाग त्याच रिकाम्या खिडकीवर.

आता मात्र निहाल पेटला. त्यानं मुक्याला हात करायला घेतला. खांद्याला एक मोटर, कोपराला एक, मनगटाला एक, वर रबराचा पंजा. अक्कल मुक्याची आधीपासनं होतीच. वळणापलीकडचं त्याला खांबांवरनं कळायचं, पुढची तीन वळणं मोकळी आहेत का, कुणी येतंय का, किती वेगानं. धुकं असो, पाऊस असो, रडारला काय त्याचं. इतकं सगळं त्याला कळत होतं आणि मागच्याला सांगायला तोंड नव्हतं. आता हात मिळाला. पंजा खाली, थांब. पंजा पुढं, ये.

पहिला हात बसवला आणि कस्तुरी मोठ्या हौसेनं घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी ट्रक घेऊन गेली. ड्रायव्हर लोक जमले. धैर्यशील लांब उभा राहून चहा पीत होता, जसं काही त्याचा संबंधच नाही. हात बाहेर आला. गोरापान, गुळगुळीत.

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

"ह्यो एसीतला हात हाय," धैर्यशील कपाला उद्देशून म्हणाला. "ह्याला काय रस्ता म्हाईत? साबणाच्या जाहिरातीत घ्या त्याला."

निहालचं तोंड पडलं. कस्तुरी मात्र परत जाऊन रंग घेऊन बसली. चांगला रापलेला, उन्हानं करपलेला रंग दिला. वर चौकड्याच्या शर्टाची बाही, कोपरापर्यंत दुमडलेली. आणि निहालनं हालचालीत थोडा आळस घातला, कारण खरा ट्रकवाला कवायत केल्यासारखा हात हलवत नाही. असे काही हात घाटात उतरले. खांबांवरचे हुश्श असे काही घसरले की कस्तुरीनं आधी खांबच बिघडलेत का ते बघितलं.

मग समितीपुढं गेले. अध्यक्ष देवस्थळी मॅडम. कडक बाई, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "'थांब' ठेवा. 'ये' काढून टाका."

"का मॅडम?"

"'थांब' म्हटल्यावर कुणी मरत नाही. 'ये' म्हटलं, तो गेला आणि काही झालं, तर धरायचं कुणाला? ट्रकला? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"मॅडम, नुसतं 'थांब' म्हणणाऱ्या हाताकडं लोक आठवडाभर बघतील, मग बघायचं सोडून देतील. घरात नाही का, जो माणूस प्रत्येक गोष्टीला नको म्हणतो त्याचं कोण ऐकतं? 'ये' म्हणणाऱ्याच्याच 'थांब'ला किंमत असते."

हे बोलताना कस्तुरीला स्वतःचंच बोलणं टोचलं. दादाला तिनं आजवर काय काय सांगितलं होतं? कबड्डी सोड, गुडघा जाईल. जुना टेम्पो घेऊ नकोस. घाटात गाडी चालवू नकोस. जोरात जाऊ नकोस, फोन उचलू नकोस. थांब, थांब, थांब. 'ये' असं एकदाही नाही.

देवस्थळी मॅडमनी पेन मिटलं. "उद्या मी स्वतः तुमच्या ट्रकमध्ये बसते. लोक ह्या हाताचं 'ये' मानतात का ते बघू. मानलं तर बंदीचा फेरविचार. नाही मानलं, तर बंदी आहे तशी, आणि हातही काढून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरनं निघाले आणि घाटात धुकं हे असं. दुधात बुडाल्यासारखं. मुका आपला शांतपणे चढत होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाला बसता यावं म्हणून केबिनमध्ये सीट ठेवलेल्या होत्या. डावीकडच्या बाकावर मॅडम आणि कस्तुरी, आणि उजवीकडं स्टीअरिंगसमोर रिकामी जागा. स्टीअरिंग आपोआप फिरत होतं. मॅडमनी पर्स घट्ट धरून ठेवली होती.

आणि मागच्या कॅमेऱ्यात धुक्यातनं दोन दिवे उजळले. वर देवीचा फोटो, बंपरला लिंबू-मिरची. धैर्यशीलचा टेम्पो. ती त्याची रोजची वेळच होती.

मुक्याचा हात बाहेर गेला. थांब. टेम्पो मागंच राहिला. थोड्या वेळानं धुक्यातनं एक टँकर भसकन आला आणि गेला. "चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "आता?"

केबिनमधल्या पडद्यावर पुढची तिन्ही वळणं हिरवी झाली, म्हणजे मोकळी. हात पुढं झाला. ये.

टेम्पो आला नाही.

पुन्हा, ये. टेम्पोनं नुसता हॉर्न दिला. त्याच्या मागं आणखी दिवे जमायला लागले. एक पिकअप अधीर होऊन डोकावत होती, आत जात होती, पुन्हा डोकावत होती. तिसऱ्यांदा हात हलला. टेम्पो आपल्या जागी.

"मानत नाहीत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. आनंदानं नाही. "साहजिक आहे. मी तरी मानलं असतं का?"

कस्तुरीनं दादाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे डोकं खाऊन खाऊन तिनंच शिकवलं होतं त्याला. आणि नेमकं हेच एक त्यानं ऐकलं होतं.

तिनं पडद्याकडं बघितलं. हिरवा. समोर काचेत बघितलं. पांढरं. काहीच दिसत नव्हतं, अगदी काहीच. आकडे तिला पाठ होते. रडार किती वेळा बरोबर असतं, एखादी म्हैस, एखादा सायकलवाला त्यातनं निसटायची शक्यता किती कमी. पण आकड्याच्या पलीकडं आता एक नाव होतं, आणि त्या नावाचा टेम्पो मागं हॉर्न देत होता.

"तुमची खात्री आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे."

"मग घाबरता कशाला?"

कस्तुरी उठली, फिरणाऱ्या स्टीअरिंगला धक्का न लावता सरकत सरकत त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. मुक्याच्या हातापुरती उघडी असलेली काच पूर्ण खाली केली. थंड धुकं तोंडावर आलं. आणि तिनं आपला उजवा हात, घड्याळ घातलेला हात, मुक्याच्या काळ्या हाताशेजारी बाहेर काढला.

तिनं एकदा पडदा पाहिला. अजून हिरवा.

ये, दादा.

तिचा हात मुक्याच्या हाताबरोबर पुढं झाला. एकदा. दोनदा. आरशात तिला टेम्पोची काच दिसत होती, काचेमागचं तोंड दिसत नव्हतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टेम्पोचं इंजिन गरजलं, दिवे उजवीकडं सरकले, आणि तो आला. बाजूला आला. खिडकीला खिडकी लागली. धैर्यशील समोर बघत होता, मान ताठ, दात आवळलेले, आणि तिच्या अगदी बरोबरीला आल्यावर फक्त एवढंच ओरडला, "आलो गं."

आणि धुक्यात गेला.

कस्तुरीनं श्वास धरला. पडद्यावर एक ठिपका पहिल्या वळणावर गेला. दुसऱ्या वळणावर. समोरनं काही आवाज नाही. तिसऱ्या वळणाच्या खांबानं ठिपका टिपला आणि सोडला. मग वरनं, लांबनं, हॉर्न आला, दोनदा, टेम्पोचाच.

"हुश्श," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. त्यांच्या पर्सचा पट्टा तुटून हातात आला होता.

त्यानंतर थांबतंय कोण? पिकअप आली, तिच्या मागनं आणखी एक टेम्पो. रस्ता लाल झाला की मुक्याचा हात 'थांब' म्हणायचा, मागचे थांबायचे. हिरवा झाला की 'ये', की ते यायचे. प्रत्येक जण जाता जाता हात वर करून जायचा. कस्तुरीनं आपला हात कधीच आत घेतला होता. आता लोक मुक्याच्या हातालाच मानत होते.

"मोहिते," मॅडम म्हणाल्या, "माझा प्रश्न तिथंच आहे. उद्या काही झालं तर धरायचं कुणाला?"

"मला," कस्तुरी म्हणाली. "आज जो हात बाहेर होता तो माझा होता."

"असे शेकडो ट्रक येतील. तुम्हाला हात किती?"

कस्तुरीनं विचार केला. "मग प्रत्येक हातामागं एक माणूस पाहिजे, मॅडम. नाव मनगटावर लिहायचं. ज्यानं त्याला 'ये' म्हणायला शिकवलं, तपासलं, तो माणूस. ज्याला आपलं नाव द्यायची भीती वाटेल, त्यानं तो हात रस्त्यावर आणू नये."

मॅडमनी तुटलेला पट्टा पर्सला गाठ मारून बांधला. "बंदी मी थांबवते," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं नाव तुमचं लिहा."

घाटमाथ्यावर धुकं संपलं, ऊन लागलं, आणि टपरीपाशी धैर्यशीलचा टेम्पो उभा होता. खालनं बर्फाचं पाणी ठिबकत होतं, बाजार चुकत होता, आणि हा बोनेटला टेकून उभा. मुका थांबला. निहालही कोल्हापूरहून मोटारसायकल मारत येऊन पोचला होता, तोंडात वडा.

कस्तुरी उतरली. भाऊ तिच्याकडं आला नाही. तो सरळ मुक्याच्या हातापाशी गेला. हात वरनं, खालनं बघितला. बाही ओढून बघितली.

"रंग बरा जमलाय," तो म्हणाला.

"तीन वेळा 'ये' म्हणाला तो. का आला नाहीस?"

"असल्या धुक्यात? वळखीचा न्हवता."

"आणि माझा?"

"तुझा?" धैर्यशीलनं तिच्याकडं बघितलं. "जलमल्यापास्नं तू मला 'थांब'च म्हनतीस. तुझा हात 'ये' म्हनतोय म्हटल्यावर म्हनलं, ह्या बाईनं वळणापलीकडं झाडू मारून ठेवला असनार."

कस्तुरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला ती घड्याळ बघायला लागली.

धैर्यशीलनं तेवढ्यात मनगटातलं कडं काढलं. घट्ट बसलं होतं, थुंकी लावून काढलं. मुक्याची रबराची बोटं एकत्र दाबली आणि कडं वर चढवलं, बाहीच्या खाली नीट बसवलं.

"अरे नको, वजन वाढेल," निहाल ओरडला, "मनगटाच्या मोटरचा तोल जाईल."

"जाऊ दे की. वाढव तुझी मोटर. असल्या उघड्या हाताला घाटात कोण मानतंय?" मग बहिणीला म्हणाला, "आई जेवायला वाट बघतीया. मासळी उतरून येतो. माझ्या आधी बसू नगो."

"थांबते," कस्तुरी म्हणाली.

तो टेम्पोत चढला, निघाला, हात वर केला. पहिल्यांदाच त्या हातातनं काही वाजलं नाही.

मग मुका निघाला, परत खाली बंदराकडं. मॅडम, निहाल, कस्तुरी, टपरीवरचे सगळे बघत उभे होते. पहिल्या वळणाआधी त्याच्या मागं एक पिकअप लागली. काळा हात बाहेर आला, आळसावलेला, रापलेला, आणि पुढं झाला.

टण्ण.